चौतीस फ्रेम

माझ्या मोठ्या भावाचं म्हणणं असं, की हे मी त्याच्या माघारी लिहावं. मी ते त्याच्या हयातीत लिहितो आहे. त्याला वाचता येतं, चष्मा मीच करून दिला आहे. मुलगी म्हणाली, "डॅड, इट्स सो लाँग अगो, हू केअर्स?" ती शारजात जन्मली, तिला दोन वर्षांपूर्वीचंही लाँग अगो वाटतं. बायको एवढंच बोलली की यापुढे गावच्या लग्नाकार्यात आपल्याला कोणी बोलावणार नाही. न बोलावू देत. सव्वीस वर्षं मी गप्प बसलो, आणि घरात त्याला माझा शहाणपणा म्हणत होते. तो शहाणपणा आता खलास.

साठचं दशक संपत आलं होतं. अमिरात हे नाव तेव्हा जन्मलं नव्हतं. आम्ही घरी पत्र लिहायचो ते 'मुक्काम दुबई' एवढंच लिहून. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावातून सगळ्यांत आधी भाई आला, म्हणजे माझा भाऊ, आणि मग त्याने एकेकाला ओढून आणलं. जबल अलीच्या पलीकडे, जिथे आज कंटेनरांचे डोंगर आहेत, तिथे तेव्हा नुसती वाळू होती आणि किनाऱ्यावर एका तेल कंपनीचं पाइपांचं यार्ड. भाई तिथे मुकादम होता. लाँचवर असताना दोरखंडात सापडून त्याच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धी गेली होती. त्या अर्ध्या बोटाच्या इशाऱ्यावर साठ माणसं चालायची. गावात त्याचा मान मौलवींच्या खालोखाल. मला त्याने आणलं, कपडे दिले, दुबईच्या देरा भागात एका उघड्या थेटरात ऑपरेटर म्हणून चिकटवलं. माझं जे काही झालं ते त्याच्यामुळे झालं, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला नमकहराम म्हणेल तर ते मला माहीत नव्हतं असं होणार नाही.

थेटरात माझं काम नुसतं सिनेमा दाखवण्याचं नव्हतं. मालक दुपारी रीळ बघून सांगायचा, हे काढ, ते काढ. हिरो हिरॉइनच्या फार जवळ गेला, काढ. गाणं लांबलं, अर्धं काढ. मी कात्रीने कापायचो, कडा खरवडायचो, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडायचो, आणि कापलेला तुकडा कचऱ्यात. आमच्याकडे एकच कॉपी यायची. मी कापलं ते दुबईपुरतं जगातून गेलं.

आमच्याच गावच्या नाखव्याचा मुलगा यार्डात भाईच्या हाताखाली होता. गुरुवारी ट्रकमधून सिनेमाला यायचा. उंच, खांद्यात वाकलेला, मागे हात बांधून चालायचा, जणू बापाच्या गलबतावर फेऱ्या मारतोय. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आत शिरताना माझ्या खोलीकडे बघून ओरडायचा, "ए हजाम, आज किती मुंडण केलंस?" पडद्यावर उडी बसली की पुन्हा ओरडायचा, "कान कापलास रे त्याचा." लोक हसायचे. मला राग यायचा, कारण त्याला प्रत्येक जोड कळायचा. बाकी कोणाला कळायचा नाही.

त्या वर्षी कंपनीने स्वतःवर फिल्म काढायला घेतली. वाळवंटात आम्ही काय उभारलं, अशा छापाची. शूटिंग करणारे दोन गोरे होते, आणि जोडून फिल्म करायला अमेरिकेहून एडिटर आणली होती. बाई. खाडीकाठच्या कंपनीच्या बंगल्यात एक खोली काळे पडदे लावून तिला दिली होती, एसी फक्त तिथे आणि मोठ्या साहेबाच्या ऑफिसात. तिला फिल्म जोडता येणारा माणूस हवा होता. भाईने साहेबाकडे माझ्यासाठी शब्द टाकला.

छप्पन वर्षांची होती. ठेंगणी, पुरुषाचा शर्ट, कानावर पिवळी मेणपेन्सिल, चष्मा दोरीने गळ्यात. मला काही विचारलं नाही. फाटलेल्या फिल्मचे दोन तुकडे दिले. मी जोडून दिले. तिने जोड उजेडाला धरला, दोन्ही हातांनी ओढून बघितला, वाकवला, आणि म्हणाली, "उद्यापासून ये. नखं कापून ये."

तिची हकिगत तिने मला एकदम कधीच सांगितली नाही. फिल्म बघायच्या यंत्राच्या छोट्या काचेत बघता बघता तुकड्यातुकड्याने सांगायची, आणि मी ती आता जोडून लिहितो. बाप रेल्वेत फिटर. सतराव्या वर्षी ती एका मोठ्या स्टुडिओत लागली. तिथे लांब टेबलाशी मुली ओळीने बसवलेल्या असत, पांढरे हातमोजे घालून निगेटिव्ह जोडत. हे काम मुलींनाच देत, कारण साहेब लोकांना ते शिवणकामासारखं वाटे. ती म्हणायची, "त्यांना ते शिवणकाम वाटत होतं तोवर बरं होतं. त्यातला विचार कळला तेव्हा त्यांनी ते पुरुषांना दिलं." ती मात्र जागची उठली नाही. तिशीच्या आत स्वतः फिल्म कापू लागली. दिग्दर्शक आरडाओरडा करून जायचे, मग ती दार लावून त्यांची फिल्म सुधारायची. वीसेक चित्रपट झाले. पडद्यावर नाव यायचं ते इतकं बारीक, की तिची आई चष्मा पुसेपर्यंत निघून जायचं.

मग एक सरकारी चौकशी लागली. तिच्या ओळखीत कम्युनिस्ट कोण कोण आहेत, त्यांची नावं मागितली. तिने दिली नाहीत. तुरुंगात कोणी टाकलं नाही, फक्त फोन यायचे बंद झाले. दुसऱ्यांच्या नावावर कामं केली, साबणाच्या जाहिराती कापल्या, गुरांच्या रोगांवरच्या फिल्म कापल्या, आणि फिरत फिरत तेल कंपन्यांकडे आली. हे सांगताना ती रडवेली वगैरे होत नसे. मी एकदा विचारलं, मॅडम, पस्तावलात का. म्हणाली, रोज दुपारी पाच मिनिटं, मग काम असतं.

माझ्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी तिला आवडायची. पहिल्या दिवशी नाक दाबून म्हणाली की हे मेलेलं आहे. आठवड्याने स्वतःच डबा उघडायला लागली. आणि मला शिकवत होती. तिच्या खोलीत कापलेला एकही तुकडा कचऱ्यात जात नसे. कापडाचं अस्तर लावलेल्या मोठ्या पेटीवर खिळ्यांची ओळ होती, तिथे प्रत्येक तुकडा टांगलेला, नंबर लावून. मी सवयीने पहिल्याच दिवशी तीन फ्रेम जमिनीवर टाकल्या, तर तिने मला गुडघ्यावर बसवून शोधायला लावल्या. आणखी शिकवलं ते हे: कॅमेऱ्यासमोरून काही जवळून गेलं, पडदा क्षणभर काळा झाला, की बघणाऱ्याचे डोळे मिटल्यासारखे होतात. कात्री तिथे लाव. कोणाला कळणार नाही.

यार्डातला अपघात झाला तेव्हा मी बंगल्यातच होतो. भाईचा निरोप आला की नाखव्याचा मुलगा पाइपांखाली गेला. बार्जवरून पाइपांची मोळी उचलून वाळूवर ठेवत असताना, ती पुरती टेकायच्या आत तो खाली शिरला आणि साखळी सुटली. दफन त्याच संध्याकाळी झालं, मी एक मूठ माती टाकली. दुसऱ्या दिवशी कंपनीने बोर्डावर कागद लावला: मयत स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, हुकूम नसताना, लोडखाली गेला. कँपात बोललं गेलं की प्यायला होता. कोण म्हणालं ते कोणी सांगेना. मी भाईला विचारलं. भाई म्हणाला, "साहेबाला त्याच्या तोंडाला वास आला. मी काय करू?"

नाखव्याचा मुलगा पीत नव्हता. आल्या आल्या कँपात त्याच्याबरोबर एका खोलीत मी वर्ष काढलं होतं. पण मी भाईला तसं म्हटलं नाही.

गावच्या बहुतेकांची पत्रं भाईच लिहायचा. नाखव्याला पत्रही त्यानेच लिहिलं, आणि त्यात ते दारूचं घातलं. मौलवींनी ते पत्र मशिदीत वाचलं. आमच्यात परमुलखात कोणी गेला, तिथेच पुरला, तर गावात त्याची गायबाना जनाज्याची नमाज होते. मयत समोर नसते, पण गाव उभा राहतो. ज्यांची मुलं परत येतच नाहीत अशा किनाऱ्यावर ही एवढीच एक पोच असते. त्या वेळच्या मौलवींनी सांगितलं की दारूत मेलेल्याची आम्ही पढणार नाही. नाखवा म्हणाला की माझा मुलगा तसा नव्हता. कोणी उठलं नाही. ही हकिगत मला आईच्या पत्रातून कळली. तिने पुढे लिहिलं होतं की नाखवा आता मशिदीत मागच्या दाराने येतो.

सहा आठवड्यांनी लंडनच्या लॅबमधून यार्डातल्या शूटिंगचे प्रिंट आले. मी नेहमीसारखं यंत्राला रीळ लावून दिलं. तिच्या खांद्यावरून मीही बघत होतो. बार्ज, मोळी, वाळू. आणि तो. उभा, मागे हात बांधून, लोडपासून दहा पावलांवर, थांबलेला. पाण्याचा डबा खांद्यावर घेतलेला एक माणूस कॅमेऱ्याच्या अगदी पुढून गेला, काच काळी झाली. मग उजव्या कडेने एक हात आत आला. ये, ये, असं त्याला बोलावत होता. तर्जनी अर्धी. त्याने हाताकडे पाहिलं, मान हलवली, सरळ चालत आत गेला, वाकून दोर सोडवायला लागला. पुढचं मी बघितलं नाही.

तिने यंत्र मागे फिरवलं, पुन्हा बघितलं. "हा माणूस प्यालेला नाही," ती म्हणाली. बोर्डावरचा कागद तिनेही वाचला होता. "याला बोलावलंय. हे ते लंडनच्या हेडऑफिसपासून लपवू शकणार नाहीत." मग मेणपेन्सिलने फिल्मवर खूण केली आणि मला म्हणाली, हे रीळ वेगळं ठेव, उद्या यावरच बसायचं.

दुपारी बारा ते तीन सगळी दुबई झोपायची. तीही बंगल्याच्या मागच्या खोलीत पडायची. मी एसीत बसलो होतो आणि मला घाम फुटला होता. माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या असं तेव्हा वाटलं. भाईचा हात, किंवा मेलेल्या माणसाची इज्जत. मेलेला तर मेला होता. भाईला जेल झाली असती, नाहीतर पुढच्या लाँचवर बसवून हाकललं असतं, आणि त्याने आणलेली आम्ही सगळी माणसं त्याच्यामागे. असा हिशेब मी केला, आणि मग रीळ टेबलावर घेतलं.

पाण्याचा डबा नेणाऱ्या माणसाचा काळोख होता तिथे कापलं. तो चालायला लागलेला आहे तिथे पुन्हा कापलं. मधल्या चौतीस फ्रेम, म्हणजे दीड सेकंदापेक्षा कमी. कडा जुळवून जोडलं. यंत्रावर लावून बघितलं: माणूस उभा आहे, कोणीतरी पुढून जातं, माणूस आपल्या मनाने लोडखाली चालत जातो. एवढा चांगला जोड मी त्याआधी कधी केला नव्हता. मला त्याचा आनंद झाला. हे कबूल करायला मला सगळ्यांत जास्त वर्षं लागली, म्हणून स्पष्ट लिहितो: भीती होती, लाज होती, आणि आनंदही झाला. तुकडा शर्टाच्या आत घातला आणि अब्रातून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, खाडी ओलांडताना पाण्यात सोडला.

दुसऱ्या दिवशी तिने रीळ लावलं. जोड सरकला. तिने यंत्र थांबवलं नाही, शेवटपर्यंत बघितलं. मग फिल्म बाहेर काढून कडेला भिंग लावलं. फिल्मच्या कडेला फुटाफुटावर, फिल्म बनवणाऱ्या कारखान्याने छापलेले बारीक आकडे असतात. ओळीने येतात. थेटरात मी हजारो फूट फिल्म हाताळली होती, त्या आकड्यांकडे कधी ढुंकून बघितलं नव्हतं. ऑपरेटरला त्यांचं काय काम. इथे जोडापाशी आकडा एकदम दोन फुटांनी पुढे गेला होता.

"कट चांगला आहे," ती म्हणाली. "काळोखातून काढलास. मी हेच केलं असतं."

तिने भिंग खाली ठेवलं.

"पण निगेटिव्ह लंडनला आहे. हा नुसता कामाचा प्रिंट. आकडे लिहून पाठवले की ते पुन्हा छापून देतात, दोन आठवड्यांत. हे तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मी आयुष्यभर एकाच कॉपीवर जगलेला माणूस. मी कापलं की ते गेलं, एवढंच मला ठाऊक.

तिने ड्रॉवरमधून लॅबचा ऑर्डर फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "हात कोणाचा ते मी विचारणार नाही. मला कोणाचं नाव विचारायची चीड आहे. पण एक ऐक. मी ज्यांची नावं दिली नाहीत, त्यांनी कोणाला मारलं नव्हतं. तुझं तसं नाही. फॉर्म तू भर."

मी म्हटलं, तुम्ही का नाही भरत.

"कारण कापलंस तू," ती म्हणाली.

फॉर्म तीन दिवस टेबलावर होता. मी त्याच्या बाजूला डबा ठेवून जेवलो. तिने चटणी मागितली नाही. फॉर्म मी भरला नाही.

पुढे अनेक वर्षं मला तिचाही राग होता, तोही लिहून टाकतो. चार आकडे लिहायला तिला अर्धं मिनिट लागलं असतं. तिने ते माझ्यावर सोडलं, कारण नाव न सांगणं ही तिच्या आयुष्यातली एकमेव जिंकलेली लढाई होती, आणि ती तिला माझ्यासाठी मोडायची नव्हती. तिचं तत्त्व शाबूत राहिलं, माझा भाऊ शाबूत राहिला, आणि नाखवा मागच्या दाराने येत राहिला. मोठी माणसं अशीही चुकतात. पण फॉर्म माझ्यासमोर होता, तिच्या नाही. हे मी विसरलेलो नाही.

आठवड्याने कंपनीचा प्रसिद्धीवाला साहेब फिल्म बघायला आला. यार्डाचा तो भाग बघून म्हणाला, हे सगळंच काढा, अपघात नको. ती म्हणाली, लांबी बदलेल. साहेब म्हणाला, बदलू दे.

तिने अपघात काढला. पण कडा जोडल्या नाहीत. बरोबर तेवढ्याच लांबीची कोरी काळी फिल्म मध्ये घातली, चाळीस सेकंद. आणि मोठ्या साहेबांच्या, शेखच्या दरबारातल्या दोन माणसांच्या आणि इतर पाहुण्यांच्या पुढे ती फिल्म तशीच चालवायला मला सांगितलं. पडद्यावर बार्ज आली, मोळी उचलली गेली, आणि काळोख. आधी वाटलं बल्ब गेला. माझ्याकडे माना वळल्या. प्रसिद्धीवाला साहेब उठून म्हणाला, "काय झालं, मशीन बिघडलं?"

ती खुर्चीतून उठली नाही. म्हणाली, "मशीन ठीक आहे. इथे एक माणूस मेला. तो तुम्हाला नको होता, म्हणून त्याची जागा ठेवली."

चाळीस सेकंद फार लांब असतात. मी मशीनच्या बाजूला उभा राहून मोजत होतो. चित्र परत आलं तेव्हा वाळूवर सूर्य उगवत होता आणि संगीत सुरू होतं, आणि कोणीही बघत नव्हतं.

चौथ्या दिवशी तिचं तिकीट काढलं गेलं. फिल्म लंडनला दुसऱ्या कोणाकडून पुरी करून घेतली. तिने आपलं नाव काढून टाकायला सांगितलं, ते मात्र त्यांनी लगेच ऐकलं. निघताना तिने माझ्यासाठी शिफारसपत्र टाइप केलं. मी ते घेतलं. ऑपरेटरचा मी एडिटर झालो, मुंबईत काही वर्षं आणि मग दुबईत टीव्ही आल्यावर इथेच, तो त्या पत्रावर. तिने त्यात लिहिलं होतं की याची नजर आणि हात दोन्ही विश्वासाचे आहेत. खोटं लिहिणारी बाई ती नव्हती. मी इतकी वर्षं त्या वाक्याचा अर्थ लावत बसलो, आणि शेवटी असं ठरवलं की तो उधारीवर दिलेला विश्वास होता. परदेशातून तिची तीन कार्डं आली. शेवटी शेवटी ती एका कॉलेजात मुलांना शिकवत होती. मग भाचीचं पत्र आलं की ती गेली.

नाखवा तिच्या आधीच गेला होता.

मागच्या वर्षी मी सुट्टीत गावी गेलो. भाई रिटायर होऊन तिथेच राहतो, दुमजली घर, मशिदीच्या कमिटीवर. त्याला आधी सांगितलं, की मी नाखव्याच्या धाकट्या मुलाकडे जातोय. भाईने सुपारी कातरायचं थांबवलं नाही. म्हणाला की साखळी सुटली ती अल्लाची मर्जी, त्यात हाताचं काय. मी म्हटलं, साखळीचं मी काही बोलत नाही, पत्राचं बोलतोय. तेव्हा तो थांबला. "फिल्म आहे तुझ्याकडे? आण दाखव," म्हणाला. फिल्म नाही हे त्याला माहीत होतं. लंडनची ती लॅब कधीच बंद झाली.

मेलेल्याचा हा धाकटा भाऊ तेव्हा दहा वर्षांचा होता, आता त्याचा स्वतःचा ट्रॉलर आहे. मी त्याच्या ओटीवर बसून सगळं सांगितलं. हात कोणाचा ते सांगितलं, कात्री कोणाची ते सांगितलं. त्याने जाळं विणायचं चालू ठेवलं. वाटलं मारेल. बरं झालं असतं. तो म्हणाला, "माझा भाई पीत नव्हता हे आम्हाला नव्यानं कोण सांगणार? ते घरात माहीत होतं. तू गावाला सांग."

मी शुक्रवारी जुम्म्यानंतर उभा राहिलो. मला बोलता येत नाही, खोलीत बसून काम करणारा माणूस मी. तरी उभा राहिलो. इथे कागदावर मी कोणाचंही नाव घातलेलं नाही, कारण जिथे घ्यायचं होतं तिथे, त्याच्या तोंडावर, घेतलं. भाई पहिल्या ओळीत होता. त्याने मागे वळून न बघता सांगितलं की हा खोटं बोलतो, याचं डोकं फिरलंय. कोणी म्हणालं, पुरावा काय. मी म्हटलं, पुरावा मी खाडीत टाकला, मी स्वतः. तोच पुरावा समजा, नाहीतर समजू नका.

नाखव्याचा धाकटा उठला आणि म्हणाला, "माझ्या भाईची नमाज बाकी आहे. ती आज पढा."

आताचे मौलवी तरुण आहेत, शिकलेले. ते म्हणाले, दारूचं खरं असतं तरी नमाज नाकारायची नव्हती, ते तेव्हाच्यांचं चुकलं. पढता येईल. पण आपल्या शाफई मजहबात, म्हणजे आपण कोकणी मुसलमान पाळतो त्या पंथात, एक अट आहे: इतक्या वर्षांनी गायबाना पढायची तर ज्या दिवशी तो वारला त्या दिवशी जे वयात आलेले होते, त्यांनीच उभं राहायचं. बाकीच्यांनी बाजूला व्हावं.

म्हणजे जे तेव्हा उठले नव्हते, तेच. मशिदीत कुजबुज झाली. एका म्हाताऱ्याने धाकट्याला विचारलं, मग तू रे, तू तर पोर होतास.

"मी जातो बाहेर," तो म्हणाला. "मला कुठे उभं राहायचंय? तुम्हाला उभं करायचंय."

तो व्हरांड्यात गेला. त्याच्यामागे सगळी तरुण मुलं गेली. आत चाळिशीच्या पुढची माणसं राहिली. काही बसूनच होती. एक उठला, मग त्याचा साडू, मग ज्याने पुरावा मागितला होता तोही गुडघ्यावर हात टेकून उठला. दोन ओळी झाल्या, तिसरी अर्धी. मी तिसरीत उभा राहिलो. मौलवींनी मागे वळून ओळी बघितल्या. पहिल्या ओळीत एक जागा रिकामी होती.

भाई उठला होता, पण ओळीत आला नाही. तो आमच्यामधून वाट काढत, कोणाकडे न बघता, बाहेर व्हरांड्यात गेला, जी तेव्हा वयात नव्हती त्या मुलांमध्ये. सदुसष्ट वर्षांचा माणूस. दारातून मला दिसलं की तो नाखव्याच्या धाकट्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. मग मौलवींनी अल्लाहु अकबर म्हणून पहिली तकबीर दिली आणि मी तोंड फिरवलं. त्या नमाजेत वाकायचा रुकू नाही, माथा टेकायचा सजदा नाही, चार तकबिरी उभ्याने म्हणायच्या. बाहेर ते दोघं काय बोलले, किंवा बोलले का, मला माहीत नाही.